गालिच्याची निगा आणि धुणाऱ्याची पारख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लिखित रूप)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही गालिच्याविषयी बोलणार हे जाहीर झाल्यापासून काही स्नेह्यांनी आमची थोडी थट्टा केली आहे. पन्नास वर्षांत या सभागृहाने कीर्तने ऐकली, नाटके पाहिली, संतवाङ्मयापासून अर्थशास्त्रापर्यंतची व्याख्याने झेलली. त्यांत केर काढण्याचा आणि डाग पुसण्याचा विषय कोठून आला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण या क्षणी ज्यांवर बसलो आहोत त्या सतरंज्याच देतील. कोणत्याही कार्यक्रमास सर्वांत आधी त्या येतात आणि सर्वांत शेवटी त्या जातात. आभारप्रदर्शनात मात्र त्यांचे नाव आजवर आलेले नाही.

सुवर्णमहोत्सव आणि गालिचा यांचा एक जुना संबंधही सांगण्याजोगा आहे. १८८७ साली इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या निमित्ताने विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनासाठी एक प्रचंड गालिचा विणण्यात आला. तो विणला आपल्या आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी. काम १८९४ साली पुरे झाले. गालिच्याचे वजन सुमारे दोन टन. त्या काळी आपल्या देशातील अनेक तुरुंगांत हे काम चाले. पुण्याच्या येरवडा तुरुंगातील गालिचेही नावाजलेले होते. पुढे १९९२ साली विंडसरच्या राजवाड्यास मोठी आग लागली, तेव्हा सुमारे पन्नास सैनिकांनी मिळून हा गालिचा गुंडाळला आणि बाहेर काढून वाचविला. विणणाऱ्या कैद्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांचे काम मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले, कारण प्रत्येक पिढीत त्याची निगा राखणारे कोणी तरी होते.

आपल्या घरांत दोन टनांचे गालिचे नाहीत. पण दोन-चार हात लांबीचा, कोणाच्या तरी हातचा, कोणाच्या तरी आठवणीचा एखादा गालिचा पुष्कळ घरांत आहे. तसा एक आमच्याही घरी आहे, आणि आज आम्ही जे सांगणार आहोत ते बव्हंशी तो बिघडवून शिकलेले आहे. म्हणून प्रथम त्याचीच हकीकत सांगतो.

१९५९ नंतर तिबेट सोडून भारतात आलेल्या निर्वासितांची एक वसाहत साठीच्या दशकाच्या आरंभी सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या पठारावर वसली. उंचावरील थंड हवेची जागा म्हणून ती त्यांस मानवली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची गालिचे विणण्याची कलाही तेथे आली. तिबेटी विणकराची रीत वेगळी असते. तो मागावरील उभ्या धाग्यांपुढे एक सळई धरतो, लोकरीचा धागा त्या सळईवरून गुंडाळत नेतो, आणि ओळ पुरी झाली की सळईवरचे वेढे कापून टाकतो. त्यातून गालिच्याची दाट, मऊ लव तयार होते. आमचे वडील नोकरीच्या निमित्ताने अंबिकापुरास असताना १९७८ साली त्यांनी मैनपाटहून असा एक गालिचा आणला. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. तिबेटी घरांत बैठकीवर किंवा निजण्याच्या जागी अंथरावयाचे हेच माप. दुधी रंगाच्या भूमीवर समोरासमोर दोन तांबडे-निळे ड्रॅगन होते. आमच्या मातोश्री त्यांस शेवटपर्यंत ‘सुसरी’ म्हणत. वडिलांच्या मागे त्या गालिच्यावर बसून त्यांनी वीस वर्षे जप केला, आणि घरातील तीन मुले त्याच सुसरींच्या पाठीवर रांगायला शिकली.

मातोश्री गेल्या. वर्षश्राद्धास नागपूर-अमरावतीकडील नातलग येणार म्हणून आम्ही घर आवरू लागलो. गालिचा मळला होता. त्याच आठवड्यात एक गृहस्थ दारावर आले. हातात छापील पत्रक, तोंडात मध. “एकदम नया कर देंगे,” ते म्हणाले. दर इतका कमी सांगितला की आम्हांस संशय यावयास हवा होता. आम्हांस आनंद झाला. भाद्रपदाचे दिवस, बाहेर पावसाची झड. गालिचा कशाचा आहे हे त्यांनी विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. पावती घेतली नाही. चार दिवसांनी गालिचा परत आला तो ओलसर, कुबट वासाचा. तांबडा रंग फुटून दुधी भूमीवर गुलाबी ढग पसरले होते. हाताला लोकर काथ्यासारखी लागत होती. ठरलेल्या पैशांच्या दुप्पट पैसे ‘स्पेशल केमिकल’च्या नावाखाली मागण्यात आले, आणि दारात वाद नको म्हणून आम्ही ते दिले. पुढे त्या पत्रकावरील दूरध्वनी कोणी उचलला नाही.

चूक कोणाची? त्या गृहस्थांची होतीच. पण निम्मी आमचीही होती. आपल्या घरातील वस्तू काय आहे, तिला काय सोसते आणि काय सोसत नाही, याचे ज्ञान घरच्यांना नसेल तर परक्याच्या हाती ती निर्धास्तपणे देणे हा जुगार होय. त्यामुळे धुणारा कसा निवडावा हे सांगण्याआधी गालिचा म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे.

हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात उभे धागे म्हणजे ताणा, आडवे धागे म्हणजे बाणा, आणि ताण्यावर मारलेल्या गाठींची लव असते. ताणा-बाणा पुष्कळदा सुती आणि लव लोकरीची असते. दोन टोकांना दिसणारी झालर ही शोभेसाठी मागाहून शिवलेली नसून ती ताण्याचीच टोके असतात. झालर मळली म्हणून कापली किंवा ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून पांढरी केली, तर गालिच्याच्या कण्यालाच धक्का लागतो. याउलट बाजारात आज पुष्कळ मिळणारा ‘टफ्टेड’ गालिचा गाठींचा नसतो. कापडात यंत्राने धागे खोचून पाठीमागे रबरी चिकाचा थर देतात आणि वर दुसरे कापड चिकटवितात. असा गालिचा उलटा केला की मागे नक्षी दिसत नाही, नुसते कापड दिसते. गाठींच्या गालिच्याची नक्षी मात्र पाठीवरही स्पष्ट उमटलेली असते. ही सर्वांत सोपी परीक्षा होय.

धागा कोणता हे पाहावयाचे असेल तर लवेतील एक-दोन तंतू चिमट्यात धरून, गालिच्यापासून दूर नेऊन जाळून पाहावेत. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखे जळते. नायलॉन, पॉलिएस्टर यांसारखा कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ या गोंडस नावांनी विकला जाणारा गालिचा बहुधा व्हिस्कोजचा असतो. तोही कागदासारखाच जळतो. त्याची चमक रेशमाची, पण ओला झाला की त्याचा धागा फार दुबळा होतो आणि वाळताना पुष्कळदा पिवळा पडतो. त्यावर पाणी सांडले तरी घासू नये, नुसते टिपून घ्यावे.

आता गालिच्याचे शत्रू. डाग डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्यालाच मुख्य शत्रू समजतो. खरा शत्रू लवेच्या तळाशी बसलेली कोरडी धूळ हा आहे. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि वाळूचा कण काचेवर चरा पाडील इतका कठीण असतो. आपण वरून चालतो तेव्हा हे कण मुळाशी बसून लोकरीचा तंतू करवतीसारखा कापीत असतात. दाराजवळची किंवा खुर्चीपुढची लव विरळ होते ती यामुळे.

रायपुरात या धुळीला आणखी एक जोड आहे. उरला आणि सिलतरा या भागांत स्पंज आयर्नचे कारखाने उभे राहिल्यापासून गच्चीवर, खिडकीच्या पट्टीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ येऊन बसते, हे येथील गृहिणींना सांगावयास नको. ही धूळ काजळीसारखी असते. कोरडी असताना ती झटकली जाते, पण तिच्यावर ओले फडके फिरविले की ती पसरते आणि धाग्यात मुरते. म्हणून आपल्या शहरात गालिच्याच्या निगेचा पहिला नियम असा की कोरडी धूळ पूर्णपणे निघाल्याखेरीज पाण्याचा थेंबही लावू नये. आठवड्यातून एक-दोन वेळा व्हॅक्यूम क्लीनर लवेच्या दिशेने फिरवावा. त्याचा फिरता ब्रश हाताच्या गालिच्यावर वापरू नये, नुसते शोषण पुरे. झालरीवरून तर यंत्र नेऊच नये. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी मऊ केरसुणी वापरावी. महिन्यातून एकदा गालिचा स्वच्छ फरशीवर पालथा घालून पाठीवर हाताने किंवा वेताने हलके थोपटावे, मग तो उचलून खाली पडलेली धूळ पाहावी. प्रथम करणारा थक्क होतो. कठड्यावर टाकून काठीने बडविण्याची जुनी रीत मात्र सोडावी. त्याने ताणा तुटतो. दाराबाहेर एक आणि दाराच्या आत एक असे दोन पायपुसणे ठेवले आणि पादत्राणे बाहेर काढण्याचा आपला जुना शिरस्ता पाळला, तर निम्मे काम आपोआप होते.

दुसरा शत्रू दमटपणा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत आपल्याकडे हवा ओली असते. भिंतीलगत, पलंगाखाली, कुंडीखाली गालिच्याचा सुती ताणा बुरशी धरतो आणि हळूहळू कुजतो. वरची लोकर शाबूत दिसते. गालिचा दुमडला की आतून कडकड असा आवाज येतो आणि तेथेच तो फाटतो. पावसाळ्यात कुंडी गालिच्यावर ठेवू नये, आणि आठवड्यातून एकदा कोपरे उचलून खाली हवा खेळू द्यावी. ठेवून द्यावयाचा असेल तर घडी घालू नये. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावा, जुन्या सुती लुगड्यात किंवा चादरीत बांधावा आणि जमिनीपासून उंच ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये बांधलेला गालिचा आतल्या आत घामेजतो.

तिसरा शत्रू कसर. कसरीचा पतंग स्वतः काही खात नाही. त्याची अळी लोकर खाते, आणि तीही जेथे अंधार आहे व जेथे कोणाचा हात फिरत नाही तेथे. कपाटाखालचा गालिचा वर्षभर कोणी हलविला नाही तर तेथे टक्कल पडलेले आढळते. यावर झाडणे, फिरविणे आणि उजेड दाखविणे हाच मोठा उपाय. कडुनिंबाचा पाला घालण्याची पद्धत जुनी आहे. घालावा, पण वाळलेला घालावा, कारण ओला पाला डाग पाडतो. डांबराच्या गोळ्या घालणाऱ्यांस मात्र एक सावधगिरी सांगावीशी वाटते. काही बालकांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची कमतरता असते, आणि अशा तान्ह्या मुलास या गोळ्यांच्या वाफेने गंभीर अपाय होऊ शकतो. ज्या घरात तान्हे मूल आहे तेथे त्या गोळ्या वापरूच नयेत, आणि त्यांत ठेवलेला गालिचा मुलाच्या अंगाखाली कदापि घालू नये.

चौथा शत्रू प्रकाश. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इराणच्या अर्दबील येथील जगप्रसिद्ध गालिचा आहे. त्यावर विणलेला काळ इसवी सनाच्या १५३९-४० चा आहे. त्याचे रंग उडू नयेत म्हणून संग्रहालयाने त्यावरील दिवे दर अर्ध्या तासाला दहा मिनिटेच लावण्याची व्यवस्था केली. आणि आपण वैशाखातील उन्हात, पारा पंचेचाळीसवर गेलेला असताना, गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत गालिचा पसरून ठेवतो! ऊन दाखवावे, पण कोवळे, तास-दोन तास, आणि पाठ वर करून. खिडकीशी असलेला गालिचा दर सहा महिन्यांनी तोंड फिरवून घालावा, म्हणजे ऊन आणि पावले दोन्ही सारखी वाटली जातात.

डागांविषयी थोडक्यात सांगतो. काहीही सांडले तरी पहिल्या मिनिटास पांढरे सुती फडके घेऊन कडेकडून मध्याकडे टिपावे; घासू नये. दूध, रक्त, अंडे यांवर गरम पाणी घातले तर डाग पक्का होतो, म्हणून थंडच पाणी घ्यावे. तेल किंवा निरांजनातील तूप सांडले तर त्यावर मैदा किंवा साधी टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झाडावी. मेण सांडले तर बर्फाने कडक करून बोथट चमच्याने उचलावे. आपल्या घरांतील खास डाग हळदीचा. हळदीकुंकवाच्या दिवशी तो पडणारच. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे सर्वांना ठाऊक आहे. साबणातील क्षाराचा तो गुण. तेव्हा साबण न लावता थंड पाण्यात थोडा पांढरा सिरका घालून टिपावे, आणि उरलेला पिवळेपणा सकाळच्या उन्हास दाखवावा. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. तेवढाच भाग उन्हात राहील अशा बेताने बाकीचा गालिचा झाकावा, नाही तर हळदीबरोबर ड्रॅगनही जावयाचा.

लोकरीचे दोन वैरी घराघरांत असतात: धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग. क्षाराने लोकरीची स्निग्धता जाते आणि ती खरखरीत होते. तीव्र ब्लीचिंगमध्ये तर लोकर अक्षरशः विरघळते. आमच्या गालिच्याचे काथ्यासारखे झालेले अंग ही सोड्याची करणी होती. पूर्वीच्या बायका लोकरीचे कपडे रिठ्याच्या पाण्यात धूत, त्यात शहाणपण होते.

इतकी निगा राखली तर गालिचा वारंवार धुवावा लागत नाही. तरी काही वर्षांनी तो दिवस येतोच, आणि मग धुणारा शोधावा लागतो. प्रथम ऋतूविषयी. रायपुरात गालिचा धुवावयाचा तो कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. धुण्यापेक्षा वाळविणे अवघड असते. गालिचा दोन्ही बाजूंनी, खालून-वरून हवा लागेल अशा रीतीने, एक-दोन दिवसांत पूर्ण वाळला पाहिजे. पावसाळ्यात ‘उद्याच आणून देतो’ म्हणणारा एक तर ओला आणून देईल किंवा धुणारच नाही.

आता माणसाची पारख. आमच्या अनुभवातून काही खुणा सांगतो.

चांगला धुणारा आधी विचारतो. गालिचा कोठला, किती जुना, पूर्वी कोणी धुतला होता का, कुत्रे-मांजर आहे का, हा डाग कशाचा. तो गालिचा उजेडात पसरून उलटा करतो, झालर पाहतो, विरळ जागा व कसरीची भोके बोट ठेवून दाखवितो, म्हणजे मागाहून वाद होत नाही. मग तो पांढरे ओले फडके प्रत्येक रंगावर दोन-तीन मिनिटे दाबून धरतो. फडक्यावर रंग आला तर तो तेथेच थांबतो. ही परीक्षा आपण स्वतःही आधी करून ठेवावी. दूरध्वनीवर, वस्तू न पाहता, जो दर आणि हमी दोन्ही देतो त्यास नमस्कार करावा.

पाण्याने धुण्यापूर्वी धूळ कशी काढता, हा प्रश्न विचारावा. जो सरळ शाम्पूच्या फेसाविषयी बोलू लागतो त्याला आपल्या शहराची धूळ कळलेली नाही. जागेवरच फेस लावून पुसणाऱ्या पद्धतीत साबणाचा अंश लवेत राहिला तर गालिचा पूर्वीपेक्षा लवकर मळतो, कारण त्या चिकटपणावर धूळ बसते. टफ्टेड गालिच्याचा रबरी थर अति पाण्याने किंवा चुकीच्या द्रावणाने सुटतो, आणि मग खाली पांढरा भुगा पडू लागतो. हा फरक धुणाऱ्याने न विचारता सांगितला, तर तो जाणकार समजावा.

धुण्याची आणि वाळविण्याची जागा पाहावयास मागावी. खरा कारागीर आनंदाने दाखवितो. प्रथम मोठा गालिचा देऊ नये. एखादे लहान आसन द्यावे, ते कसे परत येते ते पाहावे. दर चौरस फुटावर ठरवून लिहून घ्यावा आणि त्यात नेणे-आणणे, डाग काढणे हे सारे धरले आहे काय ते स्पष्ट करावे. गालिचा उचलून नेल्यावर ‘आत कीड निघाली, जास्त पैसे लागतील’ असा निरोप येतो, तो पुष्कळदा आधीच ठरलेला असतो. पावतीवर माप, धागा, नक्षी, आधीचे दोष आणि परत देण्याची तारीख असावी. नेण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, आणि पाठीच्या एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने आपल्या नावाचे आद्याक्षर टाचून ठेवावे. वस्तू बदलली गेल्याची शंका उरत नाही.

पावतीचा आग्रह म्हणजे अविश्वास, असे आपल्यातील भिडस्त मंडळींना वाटते. तसे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेचे देयक न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. सेवेत दोष राहिला तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपली तक्रार आपण स्वतः मांडू शकतो, वकील केलाच पाहिजे असे नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. पण हातात कागद नसेल तर या सर्वांचा उपयोग किती, हे आम्ही भोगले आहे.

आणि एक गोष्ट आपल्याच बाजूची. आपण दर पाडून मागतो. शंभर ठिकाणी विचारून जो सर्वांत कमी सांगेल त्याला बोलावतो, आणि मग त्याने सावकाश, नीट, दोन दिवस वाळवून काम करावे अशी अपेक्षा धरतो. इतक्या कमी दरात प्रामाणिक माणसाला ते काम परवडतच नाही. म्हणून तो बाजूला होतो, आणि आपल्या दारी येतो तो पत्रकवाला. विश्वासू कारागीर हवा असेल तर त्याच्या वेळेचे मोल देण्याची तयारी हवी.

आता आमच्या गालिच्याचे पुढे काय झाले ते सांगतो. दोन-तीन वर्षे तो तसाच गुंडाळून ठेवला होता. पाहिला की अपराधी वाटे. पुढे शहरात हस्तकलेचे एक प्रदर्शन भरले. तेथे भदोहीकडचे एक वयस्क कारागीर गालिचे घेऊन आले होते. त्यांस आम्ही घरी येण्याची विनंती केली. मनात हे की ते काही तरी करून गुलाबी ढग घालवतील, आणि त्यासाठी वाटेल तो खर्च करण्याची तयारीही होती. त्यांनी गालिचा उलटा पसरला आणि पाव तास एक अक्षर न बोलता पाठीवरून हात फिरविला. पाणी मागितले, रुमाल ओला करून तांबड्या रंगावर दाबला. रुमाल गुलाबी झाला. मग ते म्हणाले, “इसे अब मत धुलवाइए. जो गया वह नहीं आएगा. जो बचा है वह भी चला जाएगा.”

आम्ही आग्रह केला. पैशांचे बोललो. त्यांनी मान हलविली. एक कड उसवत चालली होती, ती त्यांनी तेथेच बसून लोकरीच्या दोऱ्याने बांधून दिली, तिचे जेवढे व्हावेत तेवढे पैसे घेतले, त्यात एक रुपयाही कमी केला नाही, आणि ते निघून गेले.

त्या दिवशी आम्हांस पारखीची शेवटची खूण कळली. जो माणूस आपल्या हाती आलेले काम आपल्या वस्तूच्या भल्यासाठी नाकारू शकतो, त्याच्या हाती वस्तू द्यावी. पहिल्या गृहस्थांनी सर्व गोष्टींना ‘होय’ म्हटले होते. या कारागिराने एका गोष्टीस ‘नाही’ म्हटले, म्हणून गालिचा आज आहे. गुलाबी ढगांसह आहे. आता तो रोजच्या वापरात नाही. मातोश्रींच्या तिथीस तेवढा अंथरतो. नातवंडे विचारतात, या सुसरींच्या भोवती हे गुलाबी काय आहे? आम्ही त्यांस खरे ते सांगतो.

आता मंडळासाठी एक सूचना करून आम्ही आमचे भाषण संपवितो. तात्यापाऱ्यातील जुन्या घरांपासून नव्या वसाहतींतील सदनिकांपर्यंत आपले सभासद पसरले आहेत. प्रत्येकाला कधी ना कधी गालिचा धुणारा, रफू करणारा, गादी पिंजणारा लागतो, आणि प्रत्येक जण नव्याने ठेच खातो. मंडळाच्या कार्यालयात यासाठी एक वही ठेवावी. ज्याने काम करून घेतले त्याने तीत चार ओळी लिहाव्यात: काय दिले, कोणत्या महिन्यात दिले, किती दर ठरला, किती दिवसांनी कसे परत आले. काम चांगले झाले तर कारागिराचे नाव व पत्ता लिहावा, म्हणजे त्या प्रामाणिक माणसाला पत्रके वाटावी लागणार नाहीत. त्याच वहीत मंडळाच्या सतरंज्यांचीही नोंद असावी. दर कार्यक्रमानंतर त्या ओल्या असताना घडी घालून कोठीत ढकलल्या जातात. पावसाळ्यानंतर त्या एकदा उघडून, कोवळ्या उन्हात पाठ दाखवून, मोजून ठेवण्याचे काम दोन सभासदांनी दर वर्षी अंगावर घ्यावे. पुढील पन्नास वर्षे ज्यांवर सभा बसणार आहे त्यांच्यासाठी वर्षातील एक सकाळ फार नाही.

ती वही आम्ही आज विकत घेऊन आलो आहोत आणि ती अध्यक्ष महोदयांच्या स्वाधीन करीत आहोत. पहिले पान आम्ही भरले आहे. त्यात कोणाचे नाव नाही. भाद्रपदात, पावतीवाचून, न विचारता आणि न सांगता आम्ही गालिचा कसा दिला, एवढेच त्यावर लिहिले आहे. पुढील पाने आपण भरावीत.

 आज आभारप्रदर्शन जे कोणी करणार आहेत, त्यांनी सतरंज्यांचे नाव विसरू नये, ही विनंती.